कॅलिफोर्नियात स्वतःच्या लेबलची वाइन काढायची? आधी दुकानातल्या किमतीपासून मागे मोजत या

जुलै-ऑगस्ट आला की बे एरियातल्या मराठी मंडळींचे फोन मला यायला लागतात. सुरुवात ठरलेली असते. "ताई, आम्ही चौघं मित्र मिळून स्वतःची वाइन काढायचं म्हणतोय. नापात एखादा एकर मिळेल का?" मी लोडायमध्ये छोट्या वाइनरींचे हिशेब सांभाळते. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची थॉमसनची बाग, त्यामुळे द्राक्षाचं वेड मला कुणी शिकवायला नको. तरी माझं उत्तर एकच. एकर विसरा. नापात चांगल्या बागेचा एकर तीन लाख डॉलरच्या पुढे जातो, आणि नवी लागवड केली तर तीन वर्षं हाती काही लागत नाही. द्राक्षही तूर्तास विसरा. तुमची बाटली दुकानाच्या फळीवर कितीला असेल ते सांगा, आणि तिथून मागे मोजत या.

वाइन कशी बनवायची हे मी सांगणार नाही. ते काम पैसे देऊन उत्तम करून घेता येतं. तुम्ही द्राक्ष आणा, गाळप, आंबवण, पिंपात मुरवणं आणि बाटलीत भरणं दुसऱ्याच्या वाइनरीत भाड्याने होतं. याला इथे 'कस्टम क्रश' म्हणतात. नापा-सोनोमातली कित्येक नामांकित लेबलं अशीच चालतात, त्यांच्या मालकीचं एक पिंपसुद्धा नसतं. भाड्याने मिळत नाही ती एकच गोष्ट, गिऱ्हाईक.

तीस डॉलरमधले तुमचे किती?

अमेरिकेत दारूबंदी उठली ती ५ डिसेंबर १९३३ ला. ती उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूचा कारभार राज्यांच्या हाती दिला, आणि बहुतेक राज्यांनी बनवणारा, घाऊक वितरक आणि दुकानदार अशी तीन पायऱ्यांची रचना केली. एका पायरीवरच्याने दुसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, हा त्यातला मूळ नियम. बंदीपूर्वी दारूभट्ट्यांनी गुत्ते ताब्यात ठेवले होते, ते परत होऊ नये म्हणून. आज ११ हजारांहून अधिक वाइनरी एका बाजूला आणि दोन-चार अवाढव्य वितरक दुसऱ्या बाजूला, असं चित्र आहे. सदर्न ग्लेझर्स हा त्यातला सगळ्यात मोठा.

आता कागद घ्या. फळीवरची किंमत ३० डॉलर धरा. दुकानदार त्यातला साधारण एक तृतीयांश ठेवतो, म्हणजे त्याने वितरकाला २० दिले. वितरक आपले तीसेक टक्के ठेवतो, म्हणजे तुम्हाला १४ मिळाले. तीसची बाटली विकून चौदा. यातूनच चवीला फुकट वाटलेल्या बाटल्या, वितरकाच्या विक्रेत्यांबरोबर दारोदार फिरण्याचा खर्च आणि 'तीन पेट्यांवर सूट' असल्या योजना भागवायच्या. हॉटेलवाला तीच वीसची बाटली साठला लावतो आणि पहिल्या एक-दोन ग्लासांतच तिची किंमत वसूल करतो. त्यातलं तुमच्याकडे जास्तीचं काही येत नाही.

वितरक सापडला म्हणजे सुटलो, असंही समजू नका. त्याच्या यादीत हजारो लेबलं असतात. मोठ्या कंपन्यांची उद्दिष्टं पुरी करता करता विक्रेत्याचा महिना संपतो. तुमची तीनशे पेट्यांची वाइन त्याच्या बॅगेतून बाहेर निघेल ती तुम्ही स्वतः त्याच्या गाडीत बसाल त्या दिवशी. काही राज्यांत तर कायदाच असा आहे की एकदा वितरक नेमला की त्याला सोडणं जवळपास अशक्य. जॉर्जियात माल पाठवण्याआधी हे वकिलाकडून समजून घ्या. उलटही घडतं. २०२५ मध्ये आर.एन.डी.सी. हा देशातला दुसऱ्या क्रमांकाचा वितरक कॅलिफोर्नियातून चक्क बाहेर पडला, आणि शेकडो वाइनरींना हंगामाच्या तोंडावर नवा वितरक शोधत फिरावं लागलं.

भागीदार निवडतानाच एक गोष्ट तपासा, कारण ती फार उशिरा लक्षात येते. तुमच्या चौघांपैकी कुणाचं, किंवा कुणाच्या बायकोचं, लिकर स्टोअर किंवा दारूचा परवाना असलेलं रेस्टॉरंट आहे का? आपल्या ओळखीपाळखीत असं कुणीतरी निघतंच, आणि पहिला विचार येतो की "वा, विक्रीची सोय झाली!" खरं तर तिथेच गाडी अडते. दुकानदाराला वाइन बनवण्याच्या किंवा घाऊक विकण्याच्या धंद्यात हिस्सा घ्यायला अपवाद सोडले तर मनाई आहे. दहा टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाची माहिती आणि पैसा कुठून आला याचा तपशील केंद्र सरकारच्या दारू-तंबाखू खात्याला, म्हणजे टी.टी.बी.ला द्यावा लागतो, तेव्हा लपवाछपवीला जागा नाही. दुसरं, एच-वन-बी व्हिसावर असाल तर पैसे गुंतवणं वेगळं आणि स्वतःच्या कंपनीत राबणं वेगळं. शनिवारी पेट्या उचलणं हे 'काम' ठरतं की नाही, हे मला विचारू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आणि द्राक्षाचा करार करण्याआधी विचारा.

द्राक्षाला किती द्यायचे, हे कुठे बघायचं

निफाडला आम्ही व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघून भाव ओळखायचो. इथे भाव छापून येतो. कॅलिफोर्नियाचं शेती खातं दर वर्षी १० फेब्रुवारीच्या सुमाराला गाळपाचा प्राथमिक अहवाल काढतं, अंतिम अहवाल त्यानंतर. फुकट आहे, कुणीही वाचावा. राज्याचे १७ विभाग केलेत: नापा ४ नंबर, सोनोमा आणि मरीन मिळून ३, आमचं लोडाय ११, फ्रेस्नो १३. प्रत्येक विभागात प्रत्येक जातीचं किती टन गाळप झालं आणि सरासरी काय भाव पडला, सगळं त्यात आहे. बागायतदाराशी बोलण्याआधी तुमच्या जातीची ओळ पाठ हवी.

वाचताना एवढं ध्यानात ठेवा की इथला टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. त्यातून साधारण ६० पेट्या वाइन निघते, पेटी १२ बाटल्यांची, म्हणजे ७२० बाटल्या. आता भाव लावा. नापाच्या कॅबर्ने जातीच्या द्राक्षाचा सरासरी भाव अलीकडच्या वर्षांत टनाला आठ-नऊ हजार डॉलर. नऊ हजार भागिले ७२०, म्हणजे साडेबारा डॉलर निव्वळ द्राक्षाचे. अजून बाटलीही आलेली नाही. तीस डॉलरच्या वाइनमध्ये तुमच्या हाती चौदा येत असतील, तर नापाच्या सरासरी भावाचं द्राक्ष त्यात बसूच शकत नाही. धंद्यातली जुनी माणसं हे तोंडी काढतात: टनाच्या भावातली शेवटची दोन शून्यं काढली की बाटलीची किंमत. नऊ हजारांचं द्राक्ष, नव्वदची बाटली. पंधराशेचं द्राक्ष, पंधराची बाटली. छोट्या माणसाला हा नियम पंधराच्या बाजूला परवडत नाही, कारण त्याचे बाकीचे खर्च मोठ्यांइतके खाली येत नाहीत. पण वरच्या बाजूला तो बऱ्यापैकी खरा ठरतो.

म्हणून माझा सल्ला बहुतेकांना पटत नाही तरी देते: नापाचं नाव डोक्यातून काढा आणि लोडायचं किंवा अमाडोर काउंटीचं झिनफँडेल, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष, बघा. मोकेलम्नी नदीच्या रेताड जमिनीत अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वेली आहेत, एकरी दोन-तीन टन देणाऱ्या, आणि त्यांच्या मालकांना कारखान्याच्या भावाला माल घालण्यापेक्षा पाच टन घेणारा हौशी माणूस जास्त आवडतो. (यात माझा गावाभिमान किती आणि हिशेब किती, ते तुम्ही ठरवा.)

करार लेखी करा, मग बागायतदार कितीही गोड बोलणारा असो. त्यात किती टन, कोणत्या ओळी, किती ब्रिक्सला (म्हणजे रसात साखर किती टक्के झाल्यावर) तोडणी, पैसे कधी, हे हवंच. आपल्याकडे खायच्या द्राक्षाला अठरा ब्रिक्स झाले की कात्री लागते. इथे झिनफँडेल चोवीस-पंचवीसला जातं, आणि तेवढं थांबण्यात वजन घटतं, ते बागायतदाराच्या खिशातून जातं. भांडणं इथेच होतात. धुराचं कलमही घाला. २०२० च्या वणव्यांत नापा-सोनोमातली कित्येक द्राक्षं धुराचा वास धरल्याने वाइनरींनी नाकारली, आणि करारात त्याबद्दल अक्षर नसलेल्यांची भांडणं वर्षभर चालली.

इथल्या कायद्याची एक गोष्ट मला मनापासून आवडते. द्राक्षउत्पादकाचे पैसे मिळेपर्यंत त्या मालावर, आणि त्यापासून केलेल्या वाइनवरही, त्याचा कायदेशीर हक्क राहतो. प्रक्रियेसाठी द्राक्ष खरेदी करणाऱ्याला राज्याच्या शेती खात्याचा परवाना लागतो, आणि पैसे थकवले तर तो जातो. आमच्या निफाडच्या भागात व्यापारी माल उचलून रातोरात गायब झाल्याच्या बातम्या दर हंगामात असतात, तेव्हा या कलमाची किंमत मला कळते. तुम्ही मात्र आता खरेदीदाराच्या बाजूला आहात. परवाना आधी काढा.

तोडणी पहाटे होते, हेडलाइट लावून. अर्ध्या टनाचे पांढरे चौकोनी प्लॅस्टिकचे डबे ट्रकवर चढतात आणि प्रमाणित काट्यावर भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन अशी तीन आकड्यांची पावती निघते. ती पावती म्हणजे तुमचा पैसा. मूळ प्रत मागून घ्या. पानं, काड्या, माती जास्त असेल तर वजनातून कापायचं ठरलं असेल तर ते त्याच पावतीवर लिहून घ्या. आठवड्याने आठवण करून कुणी कापत नाही.

पाच टनांचा ताळेबंद

आता पूर्ण हिशेब मांडू. आकडे मी गृहीत धरलेत, तुमचे वेगळे येतील, पण ओळी याच राहतील. पाच टन झिनफँडेल, टनाला १,५०० प्रमाणे ७,५०० डॉलर. तीनशे पेट्या, ३,६०० बाटल्या. कस्टम क्रशचं भाडं पेटीमागे ३० धरलं तर ९,०००. पिंपं बारा लागतील, एका पिंपात सुमारे २५ पेट्या बसतात. नवं फ्रेंच ओकचं पिंप हजार डॉलरच्या पुढे, अमेरिकन ओकचं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि दुसऱ्याने वापरलेलं फारच स्वस्त. झिनफँडेलला बहुतेक वापरलेली आणि दोन-तीन नवी अमेरिकन पुरतात. २,७०० धरू. मग बाटली, बूच, टोपण, लेबल, खोका आणि भरणावळ मिळून बाटलीमागे तीन डॉलर, म्हणजे १०,८००. बेरीज ३० हजार, बाटलीमागे ८ डॉलर ३३ सेंट.

इथे सगळे विचारतात, "आणि कर?" कराला घाबरू नका. १६ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या वाइनवर केंद्राचा कर गॅलनला १ डॉलर ७ सेंट, आणि छोट्या उत्पादकाला पहिल्या ३० हजार गॅलनवर त्यातला डॉलर माफ. कॅलिफोर्निया वर २० सेंट घेतं. तुमच्या ३,६०० बाटल्या म्हणजे जेमतेम ७१३ गॅलन. सवलत न धरता पूर्ण दराने मोजलं तरी दोन्ही मिळून नऊशेच्या आसपास. झिनफँडेल मात्र सोळाच्या वर चढतं कधीकधी, आणि चढलं की कराचा टप्पा बदलतो, तेव्हा प्रयोगशाळेचा आकडा बघून मगच लेबल छापा. २०२४ पासून कॅलिफोर्नियात वाइनच्या बाटलीवर दहा सेंटची परतावा ठेवही लागते, ती गिऱ्हाइकाकडून घेऊन पुढे भरायची असते.

बजेटला भगदाड पडतं ते 'इतर' या ओळीत: परवाने, विमा, गोदामाचं भाडं, संकेतस्थळ, नमुन्याच्या बाटल्या, प्रवास, आणि हो, माझी फी. वर्षाला पंधरा हजार धरा. ३०,००० अधिक ९०० अधिक १५,००० म्हणजे ४५,९००. बाटलीमागे पावणेतेरा. सगळ्या बाटल्या वितरकाला चौदाने गेल्या तर पन्नास हजार चारशे आले, हातात उरले साडेचार हजार, चौघांत. त्याऐवजी निम्म्या बाटल्या तुम्ही थेट गिऱ्हाइकाला विकल्या, कार्डाचा खर्च, पाठवणी आणि खोका जाऊन २४ हाती आले असं धरा, तर एकूण ६८,४०० येतात आणि साडेबावीस हजार उरतात. वाइन तीच, पिंपं तीच. फरक फक्त बाटली कुणाच्या हातून गेली याचा.

भरणावळीच्या दिवसाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पैसे तिथे मिनिटाला जळतात. छोट्या वाइनरीकडे स्वतःचं यंत्र नसतं. बाटल्या भरणारी पूर्ण यंत्रणा एका लांबलचक ट्रेलरमध्ये बसवलेली असते, ती सकाळी दारात येऊन उभी राहते. मागच्या बाजूने रिकाम्या बाटल्या चढवायच्या. आत त्या धुतल्या जातात, नायट्रोजनने हवा काढली जाते, वाइन भरते, बूच बसतं, टोपण चढतं, लेबल चिकटतं, आणि पुढच्या तोंडाने बाटली बाहेर. तीनशे पेट्या अर्ध्या दिवसात होतात. पण लेबलाचं रीळ उलटं गुंडाळून आलं असेल, किंवा बाटलीचा घेर साच्यात बसत नसेल, तर ट्रेलर उभा, माणसं उभी आणि मीटर चालू. छपाईवाल्याला रीळ कोणत्या बाजूने सुटायला हवं ते ट्रेलरवाल्याकडून लेखी घेऊन द्या. एक बाटली, एक बूच आणि एक टोपण आठवडाभर आधी त्याच्याकडे पोचवा. खांद्याला निमुळती, जाडजूड, भारी दिसणारी बाटली घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती महाग तर असतेच, शिवाय कुरियरचा काटा तिचं वजन प्रत्येक पेटीत मोजतो.

नफा कागदावर, रोकड पिंपात

वरचा ताळेबंद खरा असला तरी अपुरा आहे, कारण त्यात तारखा नाहीत. पहिल्या सप्टेंबरात द्राक्ष आलं. त्याचे पैसे सहसा हप्त्यांनी, जानेवारीपर्यंत पूर्ण. वाइन अठरा महिने पिंपात. त्या मधल्या काळात दुसरा सप्टेंबर येतो, आणि बागायतदार विचारतो, "यंदाही पाच टन ना?" नाही म्हणालात तर ओळी दुसऱ्याला जातात. पहिली वाइन तिसऱ्या वर्षाच्या वसंतात बाटलीत जाते, काही महिने विसावते, आणि शरद ऋतूत विकायला निघते. तोवर तिसरं पीक काट्यावर उभं असतं.

म्हणजे पहिला डॉलर आत येण्याआधी पहिल्या पिकाचे पूर्ण ३० हजार, दुसऱ्याचे द्राक्ष-भाडं-पिंपं मिळून १९ हजारांच्या वर, तिसऱ्याच्या द्राक्षाचे साडेसात हजार, आणि परवाने-विम्याचे दोन वर्षांचे पंचवीसेक हजार बाहेर गेलेले असतात. ऐंशी हजारांच्या पुढचा हा आकडा आणि तुमच्या मित्राने व्हॉट्सॅपवर टाकलेला 'प्रत्येकी साडेसात हजार' यांतलं अंतर म्हणजेच या धंद्यातली बहुतेक भांडणं. महिने आडवे आणि खर्च उभे मांडून छत्तीस महिन्यांचा तक्ता करा, आणि सगळ्यात खोल खड्डा कोणत्या महिन्यात पडतो ते बघा. तेवढे पैसे आधी बँकेत नसतील तर टन कमी करा.

बँका वाइनवर कर्ज देतात, पण छोट्या लेबलला सहसा घर तारण लागतं. या धंद्याला सगळ्यात जवळून ओळखणारी सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली. तिचा वाइन विभाग नव्या मालकाकडे चालू राहिला, पण त्या आठवड्यात नापातल्या भल्याभल्यांना पगार कसे करायचे हा प्रश्न पडला होता. खाती दोन बँकांत ठेवा.

पहिलं वर्ष द्राक्षाशिवाय

एवढा खड्डा झेपत नसेल तर दुसरा रस्ता आहे, आणि सध्या तो फार स्वस्त झालाय. कॅलिफोर्नियात माल जास्त आणि पिणारे कमी अशी गत आहे. २०२४ मध्ये वाइनच्या द्राक्षाचं गाळप २९ लाख टनांच्याही खाली गेलं, कैक वर्षांतला नीचांक. पीक लहान होतं हे एक, पण आमच्या लोडायमध्ये कित्येक बागा न तोडताच राहिल्या, आणि रस्त्याने जाताना उपटलेल्या वेलींचे ढीग दिसायला लागले, हे दुसरं. त्यात २०२५ च्या मार्चमध्ये आयातकराच्या भांडणात कॅनडाच्या प्रांतांनी अमेरिकी वाइन दुकानांतून काढून टाकली, आणि कॅनडा तर तोवर अमेरिकी वाइनचा सगळ्यात मोठा परदेशी गिऱ्हाईक होता. परिणाम असा की वाइनरींच्या टाक्यांत तयार वाइन पडून आहे आणि चियाटी, टरेंटाइनसारखे दलाल ती गॅलनवर विकतात.

ती घ्या. चार-सहा नमुने मागवा, चांगल्या वाइनमेकरला तासाचे पैसे देऊन चाखवा, दोन मिसळून हवं ते जमवा, आणि बाटलीत भरा. द्राक्षापासून बाटलीपर्यंतची दीड वर्षं काही महिन्यांवर येतात. यात लाज बाळगू नका. २००२ मध्ये वाइनच्या अशाच महापुरात फ्रेड फ्रॅन्झियाच्या ब्रॉन्को कंपनीने ट्रेडर जोज या दुकानसाखळीच्या फळीवर १ डॉलर ९९ सेंटला चार्ल्स शॉ नावाची वाइन आणली आणि सगळ्या धंद्याची झोप उडवली. ते नाव बंद पडलेल्या एका नापा वाइनरीचं होतं, द्राक्ष मात्र नापाचं नव्हतं. तुम्ही दोन डॉलरला विकणार नाही आहात, पण पहिल्या वर्षी तुम्हाला शिकायचंय ते विकणं, आणि ते दुसऱ्याच्या वाइनवर शिकलं तरी चालतं.

लेबलवर खोटं मात्र बोलता येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक मागची बाजू वाचतो. 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' छापायचं तर त्यातली किमान ७५ टक्के वाइन त्याच जागी आंबवलेली हवी. विकत घेतलेल्या वाइनला 'सेलर्ड' किंवा 'व्हिंटेड' लिहितात. जातीचं नाव लावायला ती जात ७५ टक्के हवी, नापा किंवा लोडायसारख्या नोंदणीकृत विभागाचं नाव लावायला ८५ टक्के द्राक्ष तिथलं हवं, आणि विभागाच्या नावासोबत साल छापायचं तर ९५ टक्के वाइन त्या सालची. 'रिझर्व्ह' आणि 'ओल्ड व्हाइन' या शब्दांना मात्र कायद्यात काहीच अर्थ नाही, वाटेल त्याने छापावेत. ब्रँडच्या नावातच 'नापा' घालून बाहेरची वाइन विकायची पळवाट कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बंद केली, ती याच फ्रॅन्झियाच्या खटल्यात. लेबलला टी.टी.बी.ची मंजुरी मिळाल्याशिवाय छपाईची ऑर्डर देऊ नका.

विकायला बसा

स्वतःची वाइनरी नसलेल्यांसाठी कॅलिफोर्नियात 'सेव्हन्टीन-ट्वेंटी' ही परवान्यांची जोडी आहे, एक घाऊक आणि एक किरकोळ. तिच्यावर तुम्ही राज्यातल्या दुकानांना आणि हॉटेलांना स्वतः माल देऊ शकता, आणि फोन-इंटरनेटवरून घरोघरही विकू शकता. वितरकाचा हिस्सा इथे वाचतो. टेस्टिंग रूम मात्र तिच्यावर थाटता येत नाही. दुकानदाराला ३० दिवसांहून जास्त उधारी देणं केंद्राच्या नियमात बसत नाही, हे त्यालाही माहीत असतं, तरी तो मागतोच.

राज्याबाहेरचं प्रकरण किचकट आहे. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रॅनहोम' खटल्यात सांगितलं की राज्याने स्वतःच्या वाइनरींना घरपोच परवानगी द्यायची आणि बाहेरच्यांना नाकारायची, हे चालणार नाही. त्यानंतर एकेक राज्य उघडत गेलं. पण बऱ्याच राज्यांचा तो परवाना फक्त वाइन बनवणाऱ्याला मिळतो, तुमच्या जोडपरवान्याला नाही. मग कस्टम क्रशवाल्या वाइनरीच्या परवान्यावर पाठवण्याचा करार करावा लागतो. प्रत्येक राज्याचा परवाना, विवरणपत्र आणि कर वेगळा, म्हणून गिऱ्हाईक असलेली तीन-चार राज्यंच घ्या. टेक्सास आणि न्यू जर्सीत आपली माणसं भरपूर, तिथून सुरू करा. यूटाचा नाद सोडा. टपाल खातं दारू नेत नाही, खासगी कुरियर नेतं, आणि दारात एकवीस वर्षांवरच्या माणसाची सही लागते. आयटीतलं नवरा-बायको दिवसभर घरी नसतात, पेटी तीनदा फिरून परत येते, दोन्ही वेळचं भाडं तुमचं. ऑफिसचा पत्ता मागा. जून ते सप्टेंबर पाठवूच नका, ट्रकमध्ये वाइन शिजते.

गिऱ्हाइकांची यादी करताना मित्रमंडळी वगळून मोजा. पहिल्या वर्षी मंडळातले सगळे कौतुकाने दोन-दोन पेट्या घेतात, दुसऱ्या वर्षी एक बाटली, तिसऱ्या वर्षी "अरे, अजून चालू आहे का तुमचं?" ३,६०० बाटल्यांपैकी निम्म्या थेट विकायच्या तर वर्षाला एक पेटी घेणारी दीडशे घरं लागतात, आणि ती दर वर्षी टिकायला लागतात. वाइन क्लब म्हणजे हेच, वर्षातून दोन खेपा, कार्ड आधीच नोंदवलेलं. क्लबमधून किती जण कधी गळतात, हा आकडा मी माझ्या गिऱ्हाइकांना दर तिमाहीला काढायला लावते. विक्रीच्या आकड्याआधी तो बघते.

वाइन गोदामात ठेवली की विमा तिच्यासोबत गोदामात गेला का, ते पॉलिसीत वाचा. ऑक्टोबर २००५ मध्ये व्हॅलेहोच्या एका गोदामात तिथेच जागा भाड्याने घेतलेल्या माणसाने आग लावली आणि ४५ लाख बाटल्या गेल्या. हलवाहलवीतल्या मालाला आपली पॉलिसी लागू होत नाही, हे कित्येक छोट्या मालकांना राखेसमोर उभं राहून कळलं. २०१४ च्या नापा भूकंपात रचलेली पिंपं कोसळली. भूकंपाचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

आणि चौथं पीक घेण्याआधी एक तारीख कॅलेंडरवर टाका, पंधरा जुलै. त्या दिवशी बघा, आधीच्या वाइनचा निम्मा माल थेट गेलाय का? गेला नसेल तर बागायतदाराला यंदा नाही म्हणून त्याच आठवड्यात कळवा, म्हणजे त्यालाही दुसरा बघायला वेळ मिळतो. पिंपात असलेली वाइन दलालाकडे लावा. पिंपातल्या वाइनला गिऱ्हाईक मिळतं, कमी भावाने का होईना. तुमचं लेबल चिकटलेल्या बाटलीला मिळत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षीची भरणावळ अंगावर आलीच आणि विक्रीचा अंदाज येत नसेल, तर निम्म्या बाटल्या लेबल न लावता भरून ठेवा. त्यांना इथे 'शायनर' म्हणतात, आणि घाईत माल हवा असलेलं दुसरं एखादं लेबल त्या पेट्याच्या पेट्या उचलतं.